अर्धा इंच आत

मास्तरांचा दोस्त शिडी वारला त्याला वीस दिवस झाले होते. गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला त्याची बायको कापडी पिशवी घेऊन मास्तरांच्या शिंपीकामाच्या दुकानात आली. पिशवीतून तिने नवऱ्याचा आकाशी शर्ट काढला, कापायच्या टेबलावर नीट पसरला आणि म्हणाली, "भावजी, खांद्यात उतरतोय हा. अर्धा इंच आत घ्या."

मास्तरांचा पाय मशीनच्या पायडलवरच थांबला. 'कुणाच्या खांद्यात?' हे शब्द अगदी ओठांवर आले होते, ते त्यांनी गिळले. वहिनींचे केस नीट विंचरलेले होते, डोळे कोरडे होते. भाजी घेताना माणूस जसा उभा राहतो तशा त्या उभ्या होत्या.

"ठेवून जा, वहिनी. उद्या देतो."

"घाई नाही. पुढच्या गुरुवारी नेईन. तोवर त्यांना चौकड्याचा आहे."

त्या गेल्या. मास्तर कितीतरी वेळ त्या शर्टाकडे बघत बसले. हा शर्ट त्यांनीच शिवला होता. शिडीच्या अंगावरचं प्रत्येक कापड गेली बेचाळीस वर्षं त्यांच्याच कात्रीखालून गेलं होतं.

शिडी हे काही त्याचं खरं नाव नव्हतं, पण खऱ्या नावाने हाक मारली असती तर त्याने वळून पाहिलं नसतं. तो घरं रंगवायचा. सहा फूट दोन इंच उंच, काठीसारखा सरळ, आणि डाव्या खांद्यावर कायम लाकडी शिडी. तो कोपऱ्यावर दिसला की 'शिडी आली' म्हणायचं की 'शिडी आला', यावर गल्लीतल्या पोरांचे पैजा लावून वाद व्हायचे. शेवटी शाळेतल्या बाईंनी निकाल दिला होता: रिकामी असेल तर आली, खाली माणूस असेल तर आला.

मास्तर आणि तो सहाव्या वर्षापासूनचे दोस्त. समोरासमोर घरं, एकाच बाकावर शाळा. मास्तरांची उंची पाच फुटांना जेमतेम टेकलेली, म्हणून शिडी त्यांना बुटक्या म्हणायचा. त्यांना तसं म्हणायची मुभा जगात त्या एकालाच होती.

आणि घरच्यांवर त्याचा जीव किती होता! दोन मुली. दर वाढदिवसाला त्या मुलीने घरातलं एक दार निवडायचं आणि रंग सांगायचा; बापाने त्या दिवशी कामाला सुट्टी टाकून ते दार रंगवायचं. त्यामुळे त्याच्या घरात जांभळं दार होतं, नारिंगी होतं, आणि मोरीचं दार तर एका वर्षी चक्क पिवळं होऊन त्यावर हिरवे ठिपके उमटले होते. पाहुणे हसायचे. शिडी म्हणायचा, "हसा, हसा. तुमच्या घरात मोरी शोधावी लागते, माझ्याकडे ती स्वतः हाक मारते."

गल्लीतल्या प्रत्येक भिंतीवर त्याचा हात फिरलेला होता. कुणाच्या घरात ओल येते, कुणाच्या कपाटामागे रागाने आपटलेल्या भांड्याचा खड्डा आहे, हे त्याला ठाऊक होतं, आणि ते त्याच्या पोटातच राहायचं. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याची बायको गेली, तेव्हा तो माणूस अंथरुणातून उठेना. शिडीने तिसऱ्या दिवशी त्याच्या खोलीत डबा आणि ब्रश नेले आणि विचारलंही नाही; भिंत घासायला लागला. धुळीने ठसका लागला म्हणून बेकरीवाला उठला, आणि उठला तो उठलाच.

अशा माणसाच्या बायकोला नाही कसं म्हणायचं? मास्तरांनी शर्टाची शिवण उसवली, खांदा अर्धा इंच आत घेतला, इस्त्री केली. दुःखाला प्रत्येकाची आपापली वाट असते, असं मनाशी म्हटलं आणि विषय मिटवला.

पुढच्या गुरुवारी वहिनी आल्या. आकाशी नेला, चौकड्याचा ठेवला. "हाही तसाच करा. छातीतही घ्या थोडा. फार रोडावलेत हो."

त्याच्या पुढच्या गुरुवारी आकाशी परत आला. "अजून सैल होतोय. अर्धा इंच आत घ्या."

असे चार गुरुवार गेले. पाचव्या गुरुवारी मास्तरांनी आकाशी शर्ट उसवायला घेतला आणि त्यांचा हात थबकला.

शिंप्याला कापड वाचता येतं. नुसतं घडी घालून ठेवलेलं कापड वेगळं आणि माणसाने दिवसभर वागवलेलं वेगळं. या शर्टाच्या कोपरांत चुण्या होत्या, बसल्यावर पडतात तशा पाठीला होत्या, आणि कॉलरच्या आत एक पुसट कड होती. मास्तरांनी तो खिडकीपाशी नेला. डाव्या खांद्याखालून तिरकी एक सुरकुती उतरत होती. आयुष्यभर शिडी वाहून त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली गेला होता. मास्तर त्याच्या शर्टाचा डावा खांदा कायम उतरता कापायचे. पण गेल्या चार खेपांना आत घेताना, हे सगळं वहिनींच्या समाधानासाठीच तर आहे, म्हणून त्यांनी दोन्ही खांदे सरळ एकसारखे शिवले होते. म्हणजे ती सुरकुती पडायला डावा खांदा उतरलेलं अंगच आत असायला हवं होतं.

त्यांनी शर्ट खाली ठेवला. बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावरून सायकली जात होत्या, समोर कुणीतरी सतरंजी झटकत होतं. आणि टेबलावर तो शर्ट होता.

त्यांनी बायकोला दाखवलं. बाई व्यवहाराची होती. "वहिनीच घालून बसत असतील," ती म्हणाली. "एकटं माणूस. नवऱ्याचा शर्ट घालावासा वाटला तर त्यात काय आभाळ कोसळलं?"

"वहिनी माझ्याएवढ्या आहेत उंचीला. त्यांच्या कोपराची चुणी याहून वर, दंडापाशी पडेल. ही बघ कुठे पडलीय."

बायकोने पाहिलं. चष्मा काढून पदराने पुसत राहिली.

मास्तरांनी मग एक युक्ती केली, आणि केल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. दुरुस्त केलेल्या शर्टाच्या दोन्ही बाह्यांत, आतून, काखेपाशी एकेक कच्चा धागा आडवा घातला. बाहेरून दिसणार नाही, पण हात आत गेला तर तुटणारच. वहिनी शर्ट घेऊन गेल्या. पुढच्या गुरुवारी तो परत आला, तेव्हा मास्तरांनी त्यांची पाठ वळण्याचीही वाट पाहिली नाही. बाही उलटी केली. दोन्ही धागे तुटले होते. तुटलेली टोकं मनगटाच्या दिशेला वळून चिकटली होती, जसा हात आत सरकत जातो तशी.

मास्तर शिडीच्या थोरल्या मुलीच्या घरी गेले. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची, शाळेत शिकवायची. तपासायच्या वह्यांचा गठ्ठा बाजूला सारून तिने त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मास्तरांना वाटलं होतं, ती रडेल किंवा चिडेल. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"काका, आईला काही झालेलं नाही," ती अखेर म्हणाली. "हिशोबात चूक नाही, औषधं वेळेवर घेते, नातवंडांचे अभ्यास घेते. फक्त एकच आहे. बाहेरून आली ना, की स्वतः आत येते, पण दार लगेच लावत नाही. धरून ठेवते. एक माणूस आत येईपर्यंत. मग लावते."

"तू विचारलंस?"

"विचारलं. म्हणाली, बाबांना आता दम लागतो, हळू चालतात." तिने वह्यांचा गठ्ठा उगाच सरळ केला. "काका, मी नंतर नाही विचारलं. मला भीती वाटली, की ती खोटं बोलत असेल याची नाही, खरं बोलत असेल याची."

मास्तर परतले ते आणखी जड मनाने. दम लागतो हे खरं होतं. चाळीस वर्षांची रंगाची वाफ आणि भिंती घासल्याची धूळ शिडीच्या छातीत जाऊन बसली होती. शेवटचे दोन महिने तो दवाखान्यातच होता.

आठव्या गुरुवारी वहिनींनी तयार झालेला आकाशी पिशवीत टाकला, पण दुसरा शर्ट काढलाच नाही. रिकाम्या हाताने टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"भावजी, आता यातून काही निघायचं नाही. ते म्हणतात, बुटक्या माप न घेताच कापतोय, म्हणून बसत नाही."

बुटक्या! वहिनींनी उभ्या जन्मात तो शब्द मास्तरांसमोर उच्चारला नव्हता. मास्तरांनी खडू हातात घट्ट धरला, तो मधोमध मोडला.

"घरी येऊन माप घ्या. एक नवाच शिवा. येत्या गुरुवारी या, याच वेळेला. दुपारी त्यांना जरा बरं असतं."

"वहिनी, सध्या शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय. मान वर करायला फुरसत नाही. बघतो, जमलं तर…"

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत राग नव्हता, आणि म्हणूनच ती सोसवेना. "ते दवाखान्यात होते तेव्हाही तुम्ही हेच सांगायचात," त्या हलकेच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. बायकोने ताट तसंच झाकून ठेवलं, समोर येऊन बसली आणि एवढे दिवस मनात धरलेलं बोलून टाकलं.

"अहो, एकदा गेलात तुम्ही दवाखान्यात. पहिल्या आठवड्यात. त्याच्या नाकातली नळी पाहिलीत आणि पाच मिनिटांत काढता पाय घेतलात. नंतर दोन महिने तो माणूस रोज फोन करायचा. 'बुटक्या, येतोस ना?' आणि तुम्ही म्हणायचात, उद्या. मी इथेच बसून ऐकायचे."

"मला बघवत नव्हतं गं."

"ठाऊक आहे. पण त्याला कुठे ठाऊक होतं? दवाखान्यात गेला नाहीत, आता घरी तरी जा. तिथे कुणी नसलं तर वहिनींचं मन राहील. आणि असलं कुणी…" तिने झाकलेलं ताट पुढे सरकवलं. "असलं, तरी तुमचाच दोस्त आहे ना तो?"

गुरुवारी चार वाजता मास्तर गळ्यात टेप अडकवून समोरच्या घराच्या पायऱ्या चढले. दुकानापासून पन्नास पावलांचं अंतर. वहिनींनी दार उघडलं. नारिंगी दार, मग जांभळं. आतल्या खोलीत खिडकीतून ऊन येऊन फरशीवर चौकोन पडला होता. एक खुर्ची, एक टेबल, भिंतीला टेकून ठेवलेली ती लाकडी शिडी. शर्ट दोन्ही खुंटीवर. खोलीत ओल्या रंगाचा वास होता, पण कुठलीच भिंत ओली नव्हती.

वहिनी कागद आणि पेन्सिल घेऊन टेबलाशी बसल्या. कोपऱ्यातलं स्टूल त्यांनी आधीच उन्हाच्या चौकोनाशेजारी ठेवलं होतं. शिडीच्या खांद्याचं माप घ्यायला मास्तरांना कायम स्टुलावर चढावं लागायचं.

"तिथे उभे आहेत. खिडकीपाशी," वहिनी म्हणाल्या. "सांगा तुम्ही, मी लिहिते."

चौकोनात ऊन होतं आणि उन्हात धुळीचे कण तरंगत होते. बाकी काही नव्हतं. मास्तरांना वाटलं, हसावं, वहिनींचे हात धरावेत आणि त्यांना मुलीकडे घेऊन जावं. पण हातांना बेचाळीस वर्षांची सवय होती. ते स्टुलावर चढले, टेपचं एक टोक चिमटीत धरलं, जिथे मानेचं हाड असायला हवं होतं तिथे टेकवलं आणि दुसऱ्या हाताने टेप उजवीकडे सोडली.

टेप खाली पडली नाही.

ती हवेत, उन्हात, एका ठिकाणी टेकली आणि तिथून खाली लोंबली. मास्तरांनी आकडा वाचला. आवाज त्यांचा स्वतःचा वाटत नव्हता. "उजवा खांदा, आठ."

पेन्सिल कागदावर खरखरली.

"डावा, आठ. उतार अर्धा इंच."

"तो राहू द्या," वहिनी म्हणाल्या.

"राहू देतो."

मग छाती. मास्तर स्टुलावरून उतरले. दोन्ही हात पसरून त्यांनी टेप मागून पुढे आणली. हात कशालाही लागले नाहीत, फक्त जरासं गार वाटलं, नुकताच रंगाचा हात दिलेल्या भिंतीजवळ उभं राहिलं की लागतं तसं. दोन टोकं समोर जुळवली, बोट आत घातलं, आकडा पाहिला.

"छाती तेहतीस." थांबले. "साडेतेहतीस. नाही… तेहतीस."

टेप त्यांच्या बोटांत ताणली जात होती आणि ढिली पडत होती. ताणली जात होती आणि ढिली पडत होती. भरभर, उथळ, धाप लागलेल्या माणसाचा श्वास असतो तशी. मास्तरांनी टोकं सोडली नाहीत. अडतिसाची छाती होती याची. कुठे अडतीस आणि कुठे तेहतीस. पाच इंच कमी होईपर्यंत हा माणूस रोज फोन करत होता, आणि आपण उद्या म्हणत होतो.

"शिडी," ते म्हणाले. मान वर करून बघायची त्यांची छाती झाली नाही. शर्टाचं तिसरं बटण जिथे असतं तिथेच ते बघत राहिले. "मी आलो नाही. गणवेश वगैरे काही नव्हते रे. मी घाबरलो. तुला तसं बघून आलो आणि मला वाटलं, मी गेलोच नाही तर तू तसा नसशील. जसा होतास तसाच राहशील. म्हणून आलो नाही."

वहिनी कागदाकडे बघत होत्या. बाहेर कुठेतरी नळ वाहत होता. टेप ताणली गेली आणि तशीच राहिली, एक लांब श्वास घेऊन धरून ठेवावा तशी. मग सावकाश ढिली झाली. त्यानंतरचा प्रत्येक श्वास हळू होता.

"चल, बाही घेतो," मास्तर नाक ओढत म्हणाले. "हात जरा वर कर."

त्यांनी टेप खांद्याच्या टोकापासून खाली आणली. कोपरापर्यंत ती नीट उतरली. पुढे मात्र तिला काही लागलं नाही. ती सरळ सुटली, मास्तरांच्या चिमटीतूनही निसटली आणि फरशीवर वेटोळं होऊन पडली.

"झालं?" वहिनींनी विचारलं.

"मनगट राहिलं."

इतका वेळ दाबून धरलेली भीती आता आवरेना; मास्तरांनी टेप उचलली, वहिनींसमोरचा कागद खिशात घातला आणि ते जे निघाले ते जवळजवळ पळतच. मागे वळून पाहिलं नाही. दार ओढून घेतलं की उघडं ठेवलं, हेही त्यांना आठवेना. पायऱ्या दोन-दोन करत उतरले. घरी न जाता ते गल्लीच्या टोकाला बेकरीपर्यंत चालत गेले आणि वळसा घालून दुकानात आले, तेव्हा कुठे थांबले.

तो आठवडा त्यांनी दुसरं काम घेतलं नाही. कपाटातलं राखून ठेवलेलं पांढरं सुती कापड काढलं. कागदावरच्या आकड्यांनी शर्ट कापला, डावा खांदा अर्धा इंच उतरता ठेवला, काजं हाताने केली. मनगटाचं माप नव्हतं, म्हणून कफ तसेच सोडले, बटणाशिवाय. आठवडाभर दुकान, घर, बाजार अशा त्यांच्या चकरा नेहमीच्या तरातरा चालीने चालल्या होत्या. बुटक्या माणसाची चाल. शिडी म्हणायचा, याला मुंग्या चावतात तळपायाला.

गुरुवारी चारला शर्ट कागदात गुंडाळून ते वहिनींकडे गेले. वहिनींनी दार उघडलं आणि मास्तर आत येताच लगेच लावूनही घेतलं. घरात रंगाचा वास नव्हता. खुंटी रिकामी होती. दोन्ही शर्ट घडी घालून टेबलावर ठेवले होते. वहिनींचे डोळे रडून सुजले होते. दोन महिन्यांत प्रथमच त्या विधवेसारख्या दिसत होत्या.

"आता नको, भावजी," त्या म्हणाल्या. "ते नाहीत इथे."

मास्तर पुडकं हातात घेऊन उभे राहिले. "कधी…?"

"गेल्याच गुरुवारी. तुम्ही निघालात ना, तुमच्या मागोमाग बाहेर पडले. मी हाक मारली, अहो, जरा थांबा, दम लागेल. पण ऐकलं नाही. मला वाटलं, तुमच्याकडे आलेत." त्यांनी मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "नाही आले?"

पुडकं छातीशी धरून मास्तर पायऱ्या उतरले आणि रस्त्यावर आले. ऊन कलायला लागलं होतं. शाळा सुटलेली पोरं ओरडत जात होती. त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. गेल्या गुरुवारी आपण इथून पळालो. बेकरीपर्यंत गेलो, वळलो, आणि मग आठवडाभर तसेच पळत राहिलो. आणि तो साठ पावलं चालला की थांबणारा माणूस.

भीती वाटली. अंगातली हाडं गार पडतील अशी भीती वाटली. पण मास्तर दुकानाकडे वळले नाहीत. ज्या वाटेने त्या दिवशी पळाले होते, त्याच वाटेने निघाले, आणि हळू निघाले. एक पाऊल, मग थोडं थांबून दुसरं. लाकडी गेटपाशी थांबले. दिव्याच्या खांबापाशी थांबले. मागे वळून पाहिलं नाही. फक्त आजारी माणसाला गाठता यावं एवढा वेळ जाऊ दिला. आयुष्यात पहिल्यांदाच ते इतके सावकाश चालत होते, आणि रस्त्यातल्या बायका त्यांच्याकडे वळून बघत होत्या.

बेकरीच्या कट्ट्यापाशी ते टेकले. शेजारची जागा त्यांनी हाताने पुसून मोकळी ठेवली.

बेकरीवाला पावांचा ट्रे घेऊन बाहेर आला. "काय मास्तर, बरं नाही का? असे मधेच बसलात?"

"बरा आहे," मास्तर म्हणाले. "बसलोय जरा. मागून येतोय."

"कोण?"

बेकरीवाल्याने त्यांच्या हातातल्या पुडक्याकडे पाहिलं, कागदातून बाहेर आलेल्या त्या लांबच लांब बाहीकडे पाहिलं. मग गल्लीकडे पाहिलं. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी होती. त्याने ट्रे खाली ठेवला आणि आणखी काही न विचारता तोही मास्तरांच्या दुसऱ्या बाजूला बसला.